काशीला जावं ते गंगेचं पाणी बघून

मी साताऱ्याची. आमच्या भागातल्या माणसांना, त्यातही साठी ओलांडलेल्यांना, काशीला घेऊन जाणं हे माझं काम आहे आणि माझ्या जिवाचा विषयही. जाण्याचं ठरलं की फोन सुरू होतात. पहिला प्रश्न नेहमी हवेचा. स्वेटर घ्यावा का, ऊन सोसेल का, पाऊस तर नसेल ना. मी त्यांना उलट विचारते, घाटांवरून चालायचंय का? चालायचं असेल तर हवा नंतर बघू. काशीत ऋतू ठरवते ती गंगा. पाणी कितव्या पायरीला आहे, त्यावर तुमच्या वाट्याला किती काशी येणार हे ठरतं.

याचं कारण या शहराच्या ठेवणीत आहे. गंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते. गाव सगळं पश्चिम काठावर, उंच आणि कठीण अशा कंकराच्या कण्यावर वसलेलं. समोरचा काठ सखल, नुसती रेती. अस्सी घाटापासून आदिकेशवापर्यंत सहा-सात किलोमीटरच्या पट्ट्यात चौऱ्याऐंशी घाट आहेत आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत खालच्या पायऱ्यांनी. पाणी उतरलेलं असलं की माणूस एका घाटावरून दुसऱ्यावर सरळ चालत जातो. पाणी चढलं की जोडणाऱ्या पायऱ्याच बुडतात आणि प्रत्येक घाट सुटा पडतो. मग वर चढा, गल्लीत शिरा, वळणं घ्या, पुन्हा खाली उतरा. तरुण माणूस हे हसत करील. गुडघे दुखणाऱ्या माणसाची काशी मात्र एका घाटावरच संपते.

पाणी चढतं म्हणजे किती चढतं, हे आपल्याकडच्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. वाराणसीला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरतात. १९७८ च्या सप्टेंबरात ती ७३.९०१ मीटरवर गेली होती. आजवरची सर्वांत मोठी नोंद तीच आहे. उन्हाळ्यात हेच पाणी धोक्याच्या खुणेच्या दहा मीटरहून अधिक खाली असतं. म्हणजे एका वर्षात नदी तीन मजले चढते आणि तीन मजले उतरते. यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. प्रयागराजला यमुना गंगेला मिळते ती चंबळ, बेतवा, केन यांचं पाणी घेऊन. राजस्थानात, मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला की काही दिवसांनी काशीच्या पायऱ्या बुडायला लागतात. त्या वेळी काशीत स्वच्छ ऊन पडलेलं असू शकतं. म्हणून मोबाइलवर वाराणसीचं हवामान बघून निघणाऱ्यांना मी सांगते, पावसाळ्याच्या दिवसांत बातमी बघा ती नदीच्या पातळीची.

जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हा पाण्याचा खेळ चालतो. पूर भरात आला की नावा बंद. दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची आरती वरच्या गच्चीवर होते. मणिकर्णिकेवर दहन वरच्या जागी न्यावं लागतं, हरिश्चंद्र घाटावर तर थेट गल्लीत. मणिकर्णिकेशेजारचं रत्नेश्वर महादेवाचं कललेलं मंदिर पाण्यात जातं. हे दृश्य ज्याला बघायचं आहे त्यानं अवश्य जावं, नदी म्हणजे काय ते कळतं. पण आयुष्यात एकदाच काशी करायची म्हणून निघालेल्या माणसाला मी पावसाळ्यात नेत नाही.

श्रावण सोमवारचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी पंचांगाची एक गोष्ट. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे तिथला श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी, आणि राखीपौर्णिमेला संपतोही. आपल्याकडे दिव्याची अवस यायची असते तेव्हा तिकडे कावडियांच्या रांगा लागलेल्या असतात. आपल्या श्रावणातले शेवटचे सोमवार तिथे भाद्रपदात पडतात. श्रावणी सोमवारचं काशीविश्वनाथ गाठायचं असेल तर तारीख तिथल्या पंचांगानं काढा, आणि हेही मनाशी धरा की त्या दिवशी स्पर्शदर्शन बंद असतं. लांबूनच हात जोडायचे.

पंधरा दिवसांचा हाच फरक कार्तिकातही लक्षात ठेवावा लागतो, आणि तिथे तो आपल्या फायद्याचा आहे. त्यांचा कार्तिक कोजागरीनंतर लगेच लागतो. त्या दिवसापासून पंचगंगा घाटावर आणि आसपास उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या करंड्या टांगून त्यांत दिवे लावतात. हे आकाशदीप महिनाभर, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तेवतात. आपली दिवाळी यायच्या आधीच काशीच्या आकाशात दिवे असतात. त्याच्या आधीचा महिना काशीशेजारच्या रामनगरच्या रामलीलेचा. आपण गणपती विसर्जन करतो त्या अनंत चतुर्दशीला ती सुरू होते आणि महिनाभर चालते. ना माइक, ना विजेचे दिवे. अयोध्या, जनकपूर, लंका यांच्या जागा गावात वेगवेगळ्या ठरलेल्या आहेत आणि प्रसंग बदलला की पात्रांबरोबर हजारो माणसं चालत पुढच्या जागी जातात. नाटकावर प्रेम करणाऱ्या मराठी माणसानं एकदा तरी ही लीला बघावी. फक्त तेव्हा घाटांवर गाळ असतो हे माहीत असू द्या. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर उरतात, ते पंपाच्या पाण्यानं धुऊन काढायला ऑक्टोबर बराचसा जातो.

दिवाळीत धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत सुवर्णमयी अन्नपूर्णेचं दर्शन खुलं असतं. वर्षातले एवढेच चार-पाच दिवस. ते डोळ्यांसमोर ठेवून जाणाऱ्याला मी अडवत नाही. पण दिवाळीच्या आधीपासून छठपर्यंत मुंबई-पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर आपल्याकडे राबलेली माणसं सणाला घरी निघालेली असतात. ती गाडी खरं तर त्यांची आहे. आपल्याला आणखी पन्नास आठवडे मोकळे असतात.

मग येते देवदिवाळी, कार्तिकी पौर्णिमा. आपली नाळ या दिवसाशी दोन ठिकाणी जुळते. एकनाथ महाराजांनी आपली भागवतावरची टीका काशीत पूर्ण केली ती शके १४९५ म्हणजे १५७३ सालच्या कार्तिकी पौर्णिमेला. आणि पंचगंगा घाटावर दगडी हजारा दीपस्तंभ आहे, तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला असं सांगतात. विश्वनाथाचं आजचं मंदिर तर त्यांनीच १७८० मध्ये बांधलं. देवदिवाळीचं आजचं भव्य रूप १९८० च्या दशकातलं, सुरुवात याच पंचगंगेवरून. आता सगळे घाट दिव्यांनी भरतात. नजर ठरत नाही असा तो देखावा असतो, यात शंका नाही. पण त्या रात्री रस्ते बंद असतात, नावांचे आणि खोल्यांचे दर भलतेच वाढतात, आणि गर्दीत हात सुटला तर माणूस शोधणं कठीण. माझ्या गटातल्या आजींना मी तिथे नेत नाही. ज्यांचे पाय आणि धीर दोन्ही शाबूत आहेत त्यांनी जावं.

माझा महिना देवदिवाळी उरकल्यावर सुरू होतो. कार्तिक वद्य पक्ष, आणि पुढे मार्गशीर्षाचा पहिला आठवडा. गर्दी ओसरलेली असते, घाट धुऊन कोरडे झालेले, पाणी खालच्या पायऱ्यांवर स्थिर. पहाटे शाल लागते, दहाला ती पिशवीत जाते. घाट पूर्वेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन सगळ्या काठावर एकदम पडतं. हेच ऊन मे महिन्यात नऊच्या आत दगड तापवतं; या दिवसांत त्याच दगडावर बसून राहावंसं वाटतं.

या पंधरवड्यात मी माझ्या माणसांना अस्सीवरून उत्तरेकडे चालवते, थांबत थांबत. वाटेत अहिल्याबाई घाट लागतो. मग दशाश्वमेध. पुढे मणिकर्णिका, तिथे कुणी बोलत नाही आणि मीही बोलायला लावत नाही. तिच्याच पलीकडे शिंदे घाट, बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधलेला. पाण्याच्या ओढीनं आणि वजनानं तो खचला आणि नंतर पुन्हा बांधावा लागला. त्याच्याही पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. पंचगंगेच्या आसपास ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं राहिली. अठराव्या शतकात उभ्या राहिलेल्या या काठाचा केवढा भाग आपल्याकडच्या माणसांनी बांधला, हे पुस्तकात वाचून समजतं, पण पायाखाली दगड येतो तेव्हा ऊर भरून येतो. सातारा-सांगलीच्या बायका इथे पायरीला हात लावून नमस्कार करतात. आणि ही सगळी वाट सलग चालता येते ती पाणी खाली असतं म्हणूनच.

याच पक्षात अष्टमीला कालभैरवाची जयंती येते. कालभैरव काशीचा कोतवाल. त्याची परवानगी घेतल्याशिवाय काशीत राहू नये असं मानतात. त्या दिवशी त्याच्या देवळाभोवती दाटी होते, बाकी शहर मोकळं असतं. खाण्यापिण्याचंही या दिवसांत बघण्यासारखं. थंडी पडली की मलइयो दिसू लागतो. दूध रात्री दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वरचा केशरी फेस कुल्हडमध्ये देतात. ऊन चढलं की तो टिकत नाही, म्हणून सकाळी लवकरच चौखंबा भागात जायचं. ताजा मटार बाजारात आला की चूडा-मटर सुरू होतं. आपल्या पोह्यांची ही चुलत बहीण तुपात परतलेली असते, वर आलं आणि गरम मसाला. आमच्या बायका पहिल्या दिवशी तिला नावं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कृती विचारतात.

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून संक्रांतीपर्यंत टाळा. कारण धुकं. थंडी सोसता येते, धुकं नाही. गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, विमानं रद्द होतात, आणि पहाटे नावेत बसून समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. सूर्योदयासाठी काशीला जाऊन तीन दिवस सूर्य न बघता परतलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यानंतर प्रयागला माघमेळा भरलेला असतो, आणि मौनी अमावास्येचं स्नान झालं की ती गर्दी काशीकडे वळते. मौनी अमावास्या म्हणजे आपली पौष अमावास्या.

ज्यांना कार्तिकात जमत नाही त्यांनी वसंत पंचमीनंतरचे दिवस घ्यावेत, महाशिवरात्रीचे तीन-चार दिवस वगळून. होळीपर्यंत हवा उत्तम. महाशिवरात्रीच्या सुमारास तुलसी घाटावर ध्रुपद मेळा भरतो, रात्रभर गाणं. गाण्यासाठी जाणाऱ्यानं गर्दी सोसायची तयारी ठेवावी, सोसल्याचं सार्थक होतं. चैत्रात हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह असतो. तोही रात्रीचा, तिकीट नाही, कुणीही जाऊन बसावं. दिवसा मात्र तेव्हा ऊन चटके देऊ लागलेलं असतं. मे-जूनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पारा पंचेचाळिशीकडे जातो आणि लू वाहते. लंगडा आंबा तेव्हाच मिळतो हे खरं, पण हापूसच्या मुलखातल्या माणसानं तेवढ्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

कार्तिक वद्याचे दोष लपवणार नाही. दिवाळीनंतर गंगेच्या मैदानात हवा धुरकट होते, दम्याच्या माणसानं डॉक्टरांना विचारूनच निघावं. लग्नसराई असते, वराती रस्ता अडवतात. आणि परतीच्या गाड्या भरलेल्या असतात, कारण छठसाठी गेलेली माणसं कामावर परतत असतात.

म्हणून तारीख अशी काढा. कालनिर्णयात कार्तिकी पौर्णिमा बघा. अधिक महिन्याच्या वर्षी ती नोव्हेंबरच्या शेवटाकडे सरकते, एरवी आधी येते. पौर्णिमेनंतर तीन दिवस सोडा आणि चौथ्या दिवशी काशीत पोचा. निदान पाच रात्री राहा. दोन रात्रींत फक्त रांगा बघून होतात. महानगरी असो की दुसरी कुठली गाडी, रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परतीचं तिकीट हाती आल्याशिवाय जायचं तिकीट काढू नका. उतरायची जागा घाटाला लागून गल्लीत न घेता रिक्षा दारापर्यंत येईल अशी घ्या. आणि घरात कुणी आई-वडील काशीचं नाव काढत असतील तर त्यांचे गुडघे चालताहेत तोवर न्या.