उसाची नोंद आणि कारखान्याचे दप्तर

साखर कारखान्याचे वैभव पाहणाऱ्याला धुराड्यात आणि अहोरात्र चालणाऱ्या गव्हाणीत दिसते. परंतु गव्हाणीत पडणारी प्रत्येक मोळी कित्येक महिने आधीच शेतकी कचेरीच्या दप्तरात दाखल झालेली असते, हे ऐन हंगामात त्या कचेरीत बसून कामकाज न्याहाळल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही.

आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, आणि त्यांत खोडव्याची भर. सभासदाचे नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख एवढ्या बाबी संगणकात उतरल्या की त्यांवरून तोडणीचा क्रम लागतो. ऊस कोवळा तुटला तर साखरेचा उतारा पडतो, पाळी लांबली तर तुरा येऊन वजन घटते, आणि तुटलेला ऊस गाडीअड्ड्यावर वाळत राहिला तर शेतकरी व कारखाना दोघेही नागवले जातात. म्हणून टोळ्या, वाहने आणि गाळपक्षमता यांचा मेळ रोजच्या रोज घालावा लागतो.

वजनकाट्यावर मी बराच वेळ उभा होतो. भरलेल्या ट्रॉल्या काट्यावर चढल्या, तक्त्यावरचे तांबडे आकडे क्षणभर थरथरून स्थिरावले, आणि चिटबॉयने, म्हणजे शेतावरच्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याने, दिलेल्या स्लिपवरचा क्रमांक कारकुनाने घालताच सभासदाची सारी नोंद पडद्यावर आली. रिकामे वाहन परतताना पुन्हा तोलले गेले. दोन वजनांतील अंतर तेवढे उसाचे. हाच एक आकडा तेथून सभासदाच्या बिलात, तोडणी मुकादमाच्या उचलीच्या खात्यात, वाहतुकीच्या हिशेबात आणि दिवसाच्या गाळपाच्या तक्त्यात जातो. पूर्वी या प्रत्येक शाखेची खतावणी निराळी असे आणि त्यांची रुजवात घालण्यात कारकुनांच्या रात्री खर्ची पडत. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे आणि विलंब झाल्यास सालीना १५ टक्के व्याजाचे बंधन घातले आहे. हिशेब वेळेवर तयार असल्यावाचून ते पाळणे अशक्य आहे.

तथापि या सगळ्या व्यवस्थेचा पाया बांधावरच्या पहिल्या नोंदीत आहे. तेथे लागणीची तारीख पंधरा दिवस अलीकडे ओढली गेली, तर पुढचे प्रत्येक पत्रक ती लबाडी बिनचूक हिशेबाच्या थाटात वाहून नेते आणि एखाद्या गरिबाची पाळी मागे पडते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला, तो ऊस पिकवणारा मालक व्हावा म्हणून. आणि ज्याला आपल्याच कारखान्याचे दप्तर पाहता येत नाही, त्याची मालकी नावापुरतीच राहते. तोडणीचा क्रम गटकचेरीच्या भिंतीवर लागलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आपण सभासद असाल, तर लागणीची नोंद होताच तिची प्रत मागून घ्या, तारीख आणि क्षेत्र स्वतः ताडून पाहा, आणि तफावत आढळल्यास हंगाम सुरू होण्यापूर्वी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.