मॅकबेथच्या घरात

‘मॅकबेथ’चा विषय निघाला की चारचौघांत एक निकाल हमखास ऐकायला मिळतो. माणूस तसा भला होता हो, बायकोने नादाला लावले! शेक्सपिअरची ही सर्वांत छोटी शोकांतिका. तिच्यावर लिहिलेल्या ग्रंथांनी कपाटेच्या कपाटे भरली, तरी हा निकाल काही बदलत नाही. मला तो मान्य नाही. लेडी मॅकबेथ निर्दोष आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण अपराधाचा हिशेब इतक्या स्वस्तात मिटवला, की नाटकात जे खरोखर घडते ते नजरेआड होते.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. लढाई जिंकून परतणाऱ्या मॅकबेथला माळरानावर तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील असे भाकीत करतात. सोबत बँक्वो नावाचा सरदार असतो. त्याला त्या सांगतात, तू नव्हे, पण तुझे वंशज राज्य करतील. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. खून कर, असे चेटकिणी कुठेही म्हणत नाहीत. भाकीत ऐकताच मॅकबेथ दचकतो, आणि त्याचा मित्र त्याला विचारतो, चांगली बातमी ऐकून असा घाबरलास का? मनात आधीच काही नसते, तर माणूस दचकला नसता.

पुढे राजा डंकन त्याच्या घरी मुक्कामाला येतो. गढीच्या भिंतीवर पाकोळ्यांनी घरटी केली आहेत, हवा कशी प्रसन्न आहे, असे बोलणे दाराशी चालले आहे. यजमानीणबाईंना भेट म्हणून राजा हिराही पाठवतो. इकडे पंगत अर्ध्यावर सोडून मॅकबेथ एकटाच बाहेर येतो आणि स्वतःशीच हिशेब मांडतो : मी याचा नातलग, याचा चाकर, त्यात आज याचा यजमान. दाराला कडी घालून ज्याने याला जपायचे, त्यानेच सुरा उचलायचा? राजाही सज्जन. मारायला कारण एकच, माझी हाव. इतके स्वच्छ त्याला दिसते. आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नाही, अशा माणसाचे हे नाटकच नाही.

बायको येऊन त्याला भरीला पाडते, हे खरेच आहे. तू पुरुष आहेस का, असा तिचा सवाल असतो. पण त्याच भांडणात ती एक गोष्ट बोलून जाते, जी निकाल देणारी मंडळी वाचत नाहीत : हा बेत आधी माझ्यापाशी कोणी काढला होता? तूच ना? त्यावर मॅकबेथ नाही म्हणत नाही. आणि ही पाषाणहृदयी म्हणून गाजलेली बाई स्वतः सुरा का चालवत नाही? झोपलेला म्हातारा तिला तिच्या वडिलांसारखा दिसला म्हणून.

इतिहासातला मॅकबेथ फार वेगळा होता, हेही सांगायला हवे. त्याने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे स्कॉटलंडवर राज्य केले. डंकन त्याच्या घरी नव्हे, लढाईत पडला, आणि तो म्हाताराही नव्हता. पुढे १०५० मध्ये मॅकबेथ रोमच्या यात्रेला जाऊन आला. शेक्सपिअरने आधार घेतला तो होलिनशेडच्या बखरीचा. त्या बखरीत बँक्वो हा मॅकबेथच्या कटात सामील आहे. नाटकात मात्र तो या खुनापासून अलिप्त आहे. कारण? नाटक लिहिले गेले १६०६ च्या सुमारास, आणि तेव्हा गादीवर होता पहिला जेम्स. तो स्वतःला बँक्वोचा वंशज मानी, त्याने चेटूकविद्येवर ग्रंथ लिहिला होता, आणि शेक्सपिअरच्या नाटक मंडळीला आश्रयही त्याचाच होता. नोव्हेंबर १६०५ मध्ये या राजाला पार्लमेंटसह सुरुंगाने उडवण्याचा कट उघडकीस आला होता. सत्तेपुढे माणूस कसा वाकतो हे दाखवणारा नाटककारही सत्तेपुढे थोडा वाकला, म्हणा! पण पुरता नाही. नाटकातल्या बँक्वोला खुन्याचा संशय आलेला असतो, तरी तो मूग गिळून बसतो. आपल्या वंशाबद्दलचे भाकीतही खरे होईल, ही आशा त्यालाही सुटलेली नाही.

राज्य मिळाल्यावर घरात काय होते, तो भाग मला सर्वांत भयंकर वाटतो. भाकीत कळताच ज्याने सर्वांआधी बायकोला पत्र धाडले होते, त्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर आता राणीला नोकराकरवी निरोप पाठवावा लागतो. महाराजांना म्हणावे, सवड असेल तर भेटायचे आहे! बँक्वोला मारण्याचा बेत ठरतो, तोही तिला न सांगता. तू नामानिराळी राहा, काम झाले की कौतुक कर, असे तो लाडाने म्हणतो. भाडोत्री मारेकऱ्यांपुढे तो जे बोलतो तेही ऐकण्यासारखे आहे. तुम्ही पुरुष आहात की नुसते यादीतले पुरुष, असे तो त्यांना डिवचतो. बायकोने त्याच्यावर चालवलेले हत्यार त्याने किती पटकन आत्मसात केले! पहिल्या खुनाच्या वेळी ज्याच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटत नव्हता, तो आता खून माणसे लावून करवून घेतो. मेजवानीत बँक्वोचे भूत दिसल्यावर तो हादरतो, हे खरे. पण पाहुणे पांगल्यावर बोलता बोलता सांगून टाकतो, की एकेका सरदाराच्या घरात मी पैसे चारून नोकर फोडून ठेवला आहे. त्यानंतर मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल होते. त्या हत्येतून मॅकबेथला काय मिळणार होते? काहीही नाही. मॅकडफ तर आधीच इंग्लंडला निसटलेला. या वेळी पंगत सोडून विचार करायला कोणी बाहेर जात नाही.

आपल्या रंगभूमीला हे नाटक परके नाही. शि. म. परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ ही त्याचीच मराठी रूपे. विशाल भारद्वाज यांनी २००३ मध्ये ‘मकबूल’ काढला तेव्हा स्कॉटलंडच्या जागी मुंबईचे गुन्हेगारी जग आले आणि चेटकिणींच्या जागी दोन पोलीस अधिकारी. मला ही कल्पना फार मार्मिक वाटली.

मेजवानीच्या त्या रात्रीनंतर नवरा-बायको रंगमंचावर पुन्हा एकत्र दिसत नाहीत. ती दिसते ती थेट पाचव्या अंकात, झोपेत चालणारी, हाती दिवा घेतलेली. दिवा अष्टौप्रहर जवळ हवा, असा तिचा हुकूम आहे. वैद्य आणि एक सखी आडोशाला उभे आहेत. याआधी त्या बोलल्या ते काय, असे वैद्य विचारतो. सखी सांगत नाही; माझ्या शब्दाला साक्षीदार नाही, म्हणते. राजवाड्यात लोक कसे जगत असतील ते या एका उत्तरात कळते. खुद्द वैद्यालाही इथून एकदा सुटलो तर कितीही पैसा मिळाला तरी परत येणार नाही, असे पुढे वाटते.

राणी हातावरचा न दिसणारा डाग पुसत राहते. मॅकडफच्या बायकोची आठवण काढते, ती आता कुठे आहे म्हणून विचारते. त्या हत्येत हिचा हात नव्हता. आणि मग शेजारी नसलेल्या नवऱ्याला म्हणते, चल, हात दे, झोपायला जाऊ, झाले ते आता परत फिरायचे नाही.

तो त्या वेळी युद्धाच्या तयारीत आहे. थोड्या वेळाने आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो. पूर्वी रात्री नुसती किंकाळी ऐकली तरी अंगावर काटा यायचा, आता काहीच होत नाही, असे तो म्हणतो. नोकर येऊन सांगतो, राणीसाहेब गेल्या. आयुष्य किती पोकळ आहे यावर मॅकबेथ बोलतो, आणि अप्रतिम बोलतो. ती कशी गेली, एवढे मात्र विचारत नाही. बोलणे संपते न संपते तोच दुसरा निरोप्या धापा टाकत येतो : महाराज, बर्नमचे रान चालू लागले आहे.