फोटो फाटतो कुठे?

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकोनी ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइल कॅमेऱ्यातून निघणारा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्यातला लाल, हिरवा आणि निळा अंश नोंदवायला तीन बाइट लागतात. जसाच्या तसा साठवला तर असा फोटो ३६ एमबी जागा खाईल. प्रत्यक्षात फाइल बहुधा तीन-चार एमबीचीच असते. फोटोला अशी दोन वेगळी मापे आहेत : पिक्सेलमधली लांबी-रुंदी आणि केबी-एमबीतले वजन. ही दोन्ही एकच समजली, की चांगला फोटोही बिघडतो.

वजन उतरवण्याचे काम बहुतेक वेळा जेपेग करते. १९९२ मध्ये मान्य झालेली ही पद्धत डोळ्याची एक सवय ओळखून बांधलेली आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तितका टिपत नाही. म्हणून जेपेगमध्ये उजेड आणि रंग आधी वेगळे होतात आणि रंगाचा तपशील बहुधा कमी ठेवला जातो. मग आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून, प्रत्येकात सावकाश बदलणारा भाग किती आणि झरझर बदलणारा किती, याचा हिशेब मांडला जातो. झरझर बदलणाऱ्या भागाचे किरकोळ आकडे शून्य होतात आणि शून्यांची लांब रांग थोडक्यात लिहिता येते. या हिशेबाचे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. अहमद मूळचे बंगळुरूचे. ज्यांचे गणित जवळजवळ प्रत्येक खिशातल्या मोबाइलमध्ये रोज चालते, त्यांची नावे आपल्याकडे अधिक ठाऊक असायला हवीत.

शून्य झालेला तपशील मात्र परत येत नाही. आभाळ किंवा भिंत असेल तर ते जाणवतही नाही. अक्षरांच्या कडांभोवती आणि केसांच्या बटांभोवती मात्र मळकट ठिपके दिसू लागतात. जेपेग फाइल नुसती उघडून पाहिल्याने काही बिघडत नाही. ती बदलून पुन्हा सेव्ह केली, की दर वेळी थोडी झीज होते. म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करायचे, हा नियम कधीही मोडू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ऑनलाइन अर्ज भरताना. बँकभरतीच्या अर्जांत फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा, तर सही १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची, अशी मापे नेहमी दिसतात. शेवटच्या दिवशी घाईघाईने सबंध ४००० बाय ३००० चा फोटो तसाच दाबून ५० केबीचा केला जातो. तेव्हा एका बाइटच्या वाट्याला दोनशेहून जास्त ठिपके येतात. चौकोनच्या चौकोन सपाट होतात, भुवईच्या जागी राखाडी पट्टी उरते, कानाची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. डीटीपीवाले यालाच ‘फोटो फाटला’ म्हणतात. आधी चेहरा आणि खांदे ठेवून, २०० ला २३० याच प्रमाणात फोटो कापावा. मग तो २०० बाय २३० पिक्सेलचा करावा. आता ठिपके उरतात फक्त ४६ हजार. ते न दाबताही १३८ केबीत मावतात; ५० केबीपर्यंत आणायला साधारण तिप्पट दाबले की पुरते आणि चेहरा स्वच्छ राहतो. फाइल २० केबीच्या खाली गेली, तर सेव्ह करताना क्वालिटीचा आकडा वाढवायचा. सहीचेही तसेच. पांढऱ्या कागदावर ठळक पेनाने केलेली सही कडेकडेने कापून मगच लहान करावी; अख्खे पान लहान केले तर सहीचा नुसता दोरा उरतो.

कागदावर छापताना इंचाला ३०० पिक्सेल हा चांगला हिशेब. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. वरचा ४००० बाय ३००० चा फोटो तेरा बाय दहा इंचांपर्यंत सुरेख निघतो. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने तिथे इंचाला याहून खूप कमी पिक्सेल चालतात. सॉफ्टवेअरमध्ये डीपीआय, म्हणजे इंचामागचे ठिपके, या रकान्यात ७२ च्या जागी ३०० एवढेच लिहिल्याने मात्र एकही ठिपका वाढत नाही. लहान फोटो मोठा केला तर मधले ठिपके अंदाजाने भरले जातात. प्रमाणाकडेही लक्ष हवे. मोबाइलचा फोटो चारास तीन, तर चार बाय सहाचा कागद तीनास दोन. आडव्या फोटोतला वर-खालचा मिळून नववा हिस्सा कापला जातो आणि लग्नातल्या ग्रुप फोटोत नेमकी मागच्या रांगेची डोकी जातात.

दुरुस्तीचा क्रम साधा आहे : आधी फोटो सरळ करून कापणे, मग उजेड आणि रंग, मग आकार आणि अगदी शेवटी धार म्हणजे शार्पनिंग. सावलीतला चेहरा बऱ्याच अंशी उजळता येतो, जरा रवाळ दिसला तरी. पूर्ण पांढऱ्या पडलेल्या भागात मात्र काहीच नोंदलेले नसते. तिथे कुठलेही बटण उपयोगाचे नाही.

दुरुस्तीसाठी सर्वात जास्त माहिती रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत असते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. १९९६ मध्ये आलेले पीएनजी काहीही टाकून देत नाही आणि पारदर्शक पार्श्वभूमी सांभाळते. म्हणून लोगो, तक्ते आणि स्क्रीनशॉट यांना ते योग्य. फोटो त्यात ठेवला तर फाइल कितीतरी पट फुगते. जिफमध्ये रंगच २५६, तेव्हा फोटोला ते नको. छपाईसाठी टिफ चांगले. आयफोन २०१७ पासून हेइक (HEIC) प्रकारची फाइल वापरतो. त्यात फाइल जवळपास निम्म्या वजनाची होते, पण बरेच अर्ज ती घेत नाहीत. नावाचे शेपूट बदलून ‘जेपीजी’ केल्याने फाइल बदलत नाही. ती रीतसर जेपेगमध्ये रूपांतरित करावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो. छपाईसाठी तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. तिच्यासोबत कॅमेऱ्याची माहिती, तारीख-वेळ आणि लोकेशन चालू असेल तर फोटो काढल्याची नेमकी जागाही जाते. घरातल्या मुलांचे फोटो अनोळखी माणसाकडे पाठवायचे असतील, तर आधी लोकेशन काढून टाकावे.