नाम एक, विशेषणे दोन

दिवाळीची पहिली पणती लावताना आपण आगपेटीच्या कडेवर काडी ओढतो. त्या तपकिरी पट्टीत तांबडा फॉस्फरस असतो. मराठीत याचेच नाव स्फुरद.

पण वाचकहो, नुसत्या नावावर विसंबू नये! १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडला गवसला तो पांढरा फॉस्फरस : मेणासारखा मऊ, ४४ अंश सेल्सिअसला वितळणारा, उघड्या हवेत आपोआप पेटणारा. म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. तांबडा मात्र भुकटीच्या रूपात हवेत निवांत पडून राहतो. मूलद्रव्य एकच, परंतु पांढऱ्याच्या वाफेने काड्यांच्या कारखान्यांतील कामगारांच्या जबड्यांची हाडे कुजली. अखेर १९०६ च्या बर्न करारात सामील झालेल्या देशांनी त्या काड्यांवर बंदी घातली.

म्हणूनच रसायनाच्या सुरक्षापत्रकात नावाबरोबर अवस्था, रंग, गंध, द्रवणांक यांचीही नोंद करावी लागते. ढेप हाताला लागेल, भुकटी नि वाफ श्वासात शिरेल. धोक्याची वाट रूपावरून कळते.

आम्हां भाषेच्या मास्तरांना विशेषण गाळलेले वाक्य चालते. रसायनांच्या कोठारात मात्र तेच गाळले, तर प्राणांशी गाठ पडते.