गाठ बांधणारे हात

वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये कापूस येतो तो सरकीसकट. सरकी निघते, रुई दाबली जाते, साधारण 170 किलोची गाठ बांधून तिच्यावर नंबर पडतो. मग ती कुठल्याही गिरणीला चालते. लिनक्सवरचे पॅकेजिंग म्हणजे हेच काम. सोर्स कोड हा कापूस आणि डेब किंवा आरपीएम ही गाठ. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला तर या गाठीवाचून गत्यंतर नाही.

नेटवर्कवरचा भार दाखवणाऱ्या आलेखांची सुरुवात 1995 सालची. इंग्लंडमधल्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाची बाहेर जाणारी लाईन अवघी 64 किलोबिटची होती. तिच्यावरचा भार दर पाच मिनिटांनी मोजून रेघ काढणारा एमआरटीजी टोबियास ओटिकरने लिहिला. 1999 मध्ये त्यानेच आकडे साठवून आलेख काढणारे आरआरडीटूल दिले. त्यात फाईलचा आकार पहिल्याच दिवशी ठरतो. जुने आकडे सरासरीत मुरतात, डिस्क भरत नाही. कॅक्टी आणि म्युनिन ही नजर ठेवणारी साधने त्याच्याच आधाराने वाढली. नाजिऑस, झॅबिक्स, प्रोमिथियस या इतर साधनांच्या वाटा वेगळ्या.

आरआरडीटूलची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोजणी आली नाही तर ते शून्य लिहीत नाही, ती जागा रिकामी सोडते. झरी-जामणी किंवा महागावात वीज गेली, राऊटर बंद पडला, तर आलेखात खिंडार दिसते. वापर नव्हता आणि मोजताच आले नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लाईनची तक्रार करणाऱ्याच्या हातात हे खिंडार तारीखवेळेसह पुरावा होते.

पण हे सारे गावच्या संगणकापर्यंत पोचवतो पॅकेजर. कुठली लायब्ररी आधी हवी, आकडे कुठल्या फोल्डरात पडतील, सेवा कुठल्या मर्यादित खात्यावर चालेल, सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत कशी बसवायची, हे तो ठरवतो. डेबियनवर म्युनिनचा नोड बसवला की मशीनवर काय काय चालू आहे ते तोच तपासतो आणि योग्य प्लगइन जोडतो. बसवणाऱ्याच्या कित्येक तासांची ही बचत कुणीतरी आधीच केलेली असते.

मराठीचाही इथे संबंध येतो. 2008 च्या आरआरडीटूल 1.3 पासून आलेखावरची अक्षरे पँगो ही लायब्ररी मांडते, त्यामुळे जोडाक्षरे नीट जुळतात. त्यासाठी लागणारा लोहित देवनागरी फॉन्ट पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी सांभाळला आहे. आलेखावर ‘घाटंजी’ हे गावाचे नाव मराठीत लिहायला आता अडचण नाही.

पुसद आणि यवतमाळच्या अभियांत्रिकीच्या मुलांनो, सांभाळणारा सोडून गेलेल्या पॅकेजांची यादी डेबियन उघडपणे ठेवते. या दिवाळीच्या सुट्टीत त्यातले एक निवडा आणि बांधून बघा.