सायकलवरून उतरल्यावर अंगात काय घालाल?

दोन चाकांची लेखमाला : भाग ९

मागच्या आठवड्यात आपण सायकल चालवताना घालायच्या जर्सीचा विषय संपवला. आज त्यानंतरचा कपडा, म्हणजे स्वेटशर्ट. दुकानात तो सायकलवाल्यांना ‘राइडसाठी’ म्हणून विकला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. माझं मत सरळ आहे. सुती स्वेटशर्ट सायकल चालवताना घालू नये, सायकल थांबली की घालावा. तो निवडताना आणि धुताना हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. नगर रस्त्याची वर्दळ मागे टाकून शिरूरहून निमोणे, चिंचणीच्या बाजूला वळलं की रस्ता एकदम मोकळा होतो. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि दुपारी तीसच्या घरात पोचतो. पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, निरभ्र आकाश. रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि गार हवा घोड नदीच्या काठाला, ओढ्यांत, भिजवलेल्या उसाच्या फडांत साचून राहते. सायकलवर हे जितकं जाणवतं तितकं गाडीत बसून कधीच जाणवणार नाही. माळावरून उतार लागला आणि पुलापाशी आलात की नाकाचा शेंडा सांगतो, इथे दोन-तीन अंशांचा फरक आहे.

तरीही चालवताना थंडी फारशी वाजत नाही, आणि त्याचं कारण शरीरातच आहे. माणसाचे स्नायू खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा ऊर्जा कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. पायडलवर शंभर वॅटचं काम करणारा सायकलस्वार त्याच वेळी तीनशे ते चारशे वॅट उष्णता अंगाबाहेर टाकत असतो. तोच माणूस चहाच्या टपरीवर बाकड्यावर टेकला की काही मिनिटांत ही भट्टी शंभर वॅटच्या आसपास येते. जर्सी मात्र ओलीच असते. एक लीटर घाम वाळायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. जर्सीत फक्त शंभर मिलिलिटर घाम उरला आहे आणि तो अर्ध्या तासात वाळला असं धरलं, तर हिशेब १३० वॅटच्या पुढे जातो. त्यातली काही उष्णता हवेतून आणि उन्हातून येते हे खरं, पण बरीचशी तुमच्याच अंगातून जाते. शरीर जेवढी तयार करतंय, जवळपास तेवढीच ओली जर्सी पळवून नेतेय. टपरीवाल्याने “काय पाव्हणं, हुडहुडी भरली का?” असं विचारावं अशी अवस्था होते ती यामुळे. दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस घामाने निथळत असतो.

म्हणून पहिला नियम ओल्यावर स्वेटशर्ट न चढवण्याचा. जर्सी काढायची, अंग पंच्याने पुसायचं, कोरडा बनियन किंवा टी-शर्ट घालायचा आणि मग स्वेटशर्ट. लगेच प्रश्न येतो, रस्त्यावर बदलायचं कुठे? पुरुषांचं कुठेही भागतं. बायकांसाठी आपल्या रस्त्यांवर सोय नाही म्हणण्याइतकी कमी आहे. नगर रस्त्यावरचे पेट्रोल पंप आणि बरी हॉटेलं सोडली तर आत गावांकडे काहीच नाही. त्यामुळे स्वेटशर्ट एक माप मोठाच घ्यावा. हात बाह्यांतून आत ओढून घेऊन आतल्या आत ओली जर्सी काढता आली पाहिजे. दुकानात आरशासमोर अंगाला नीट बसणारं माप या कामाला निरुपयोगी.

लांबीचाही विचार करा. अष्टविनायक करणारे सायकलस्वार रांजणगावला दर्शन घेऊन दौंडमार्गे सिद्धटेककडे जातात. मांड्यांना चिकटलेल्या लायक्रामध्ये देवळाच्या रांगेत उभं राहायला भल्याभल्यांना अवघड होतं. गावातल्या पारावर तर नजरा सांगायलाच नकोत. कमरेखाली नीट उतरणारा स्वेटशर्ट असला की निम्मा संकोच जातो. सोबत एक पातळ ट्रॅकपँट ठेवली तर उरलेलाही.

या कपड्याचा जन्मही खेळाडूंच्या कटकटीतूनच झाला. अमेरिकेत अलाबामात १९२६ साली बेंजामिन रसेल ज्युनियर नावाच्या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या तरुणाला सरावाच्या लोकरी जर्सीने खाज सुटायची. वडिलांचा कापडाचा कारखाना होता, तिथे त्याने सुती विणीची सैलसर जर्सी करून घेतली. गळ्याखाली पुढे जो त्रिकोणी तुकडा असतो तो घाम टिपायला आणि गळा ताणला जाऊ नये म्हणून आला. आता नुसती शोभा उरली आहे. तो नसला म्हणून स्वेटशर्ट कमअस्सल ठरत नाही.

कापड हा खरा मुद्दा. आपल्याकडे सुती विणीचा माल मुख्यतः तिरुप्पूरहून येतो आणि लोकरी, जाडा माल लुधियानाहून. (लुधियाना हीच सायकलींचीही राजधानी, सायकल आणि स्वेटर एकाच गावचे निघावेत हे मला नेहमी गमतीचं वाटतं. पुण्यात हिवाळ्यात तिबेटी विक्रेते जे स्वेटर मांडतात, तेही बरेचसे तिथलेच.) सुती स्वेटशर्टची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फासेदार असते. ते फासे तसेच ठेवले तर लूपनिट, ब्रशने पिंजून मऊ केले तर फ्लीस. फ्लीस अधिक उबदार, कारण त्या पिंजलेल्या तंतूंत हवा अडकून राहते. पण निमोण्यासारख्या ठिकाणी नऊ वाजले की ऊन चटका देऊ लागतं आणि फ्लीस नकोसा होतो. शिवाय तो वाळायला वेळ घेतो आणि पिशवीत जागाही अडवतो. आपल्या भागासाठी मी लूपनिटच सुचवेन.

जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. साधा टी-शर्ट १६० ते १८०चा असतो, स्वेटशर्ट साधारण २४०पासून ३५०पर्यंत. २६०-२८० पुरेसं आहे. विक्रेता जाड कापड कौतुकाने दाखवतो, पण ते सायकलवर वाहून तुम्हालाच न्यायचं आहे. मनगटाची आणि कमरेची रिब ओढून सोडून पाहा, लगेच जागेवर आली पाहिजे. आठ धुण्यांनंतर लोंबणारी रिब दुकानातही थोडी आळशी असते.

बाही रॅगलान मिळाली तर घ्या. तिची शिवण खांद्यावर न बसता गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाते. हँडलवर तासन्‌तास वाकून आखडलेल्या खांद्यांना ती बरी पडते. वॉटर्लूच्या लढाईत १८१५ मध्ये उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलानचं नाव या बाहीला पडलं. टोपी, म्हणजे हूड, बाकड्यावर बसल्यावर उत्तम, कान झाकतात. मात्र चुकूनही ती डोक्यावर घेऊन सायकलवर बसू नका. मान वळली तरी टोपी वळत नाही आणि मागून येणारा दिसत नाही. उसाच्या हंगामात भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागे असतो तेव्हा ही चूक परवडणारी नाही.

पॉलिस्टर की सुती, हा वाद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर टूर द फ्रान्सच्या पिवळ्या जर्सीत कृत्रिम धागा आला तेव्हा लुईसाँ बोबे हा फ्रेंच सायकलपटू तो घालायला तयार झाला नाही. घामाच्या अंगाला लोकरच हवी म्हणून तो अडून बसला आणि त्याच्यासाठी लोकरी जर्सी करून आणावी लागली. वासाच्या बाबतीत त्याच्या हट्टात तथ्य होतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना व्यायामाच्या सायकलवर घाम गाळायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. पॉलिस्टरच्या शर्टांना सुतीपेक्षा जास्त कुबट वास येत होता आणि त्यांवर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू अधिक वाढले होते. चालवताना पॉलिस्टर हवंच, ते पाणी धरत नाही. पण उतरल्यावर चारचौघांत बसायचं असेल तर सुती बरं. थोडं मिश्रण असलेलं, ऐंशी-वीसचं, लवकर वाळतं आणि आकारही टिकवतं.

वारा मात्र कुठलाच विणीचा कपडा अडवत नाही. यावरचा तोडगा आपल्या शिवारात रोज दिसतो. रात्रीच्या लायटीला उसाला पाणी धरायला जाणारा माणूस आत स्वेटर घालतो आणि वरून जुना शर्ट चढवतो. शहरी माणसाला ते उलटं वाटतं, पण बरोबर तेच आहे. मागावरचं घट्ट कापड वारा रोखतं आणि आतला सैल कपडा हवा धरून ठेवतो. युरोपातले शर्यतवाले घाट उतरण्यापूर्वी जर्सीत वर्तमानपत्र कोंबायचे, ते याच तत्त्वावर.

नेताना स्वेटशर्ट कमरेला बांधू नका. बाही सुटून मागच्या चाकात गेली की काय होतं ते सांगायला नको. गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळा. कॅरिअर नसेल तर सीटखालच्या बॅगेत.

आता धुणं. आमच्या भागात बोअरचं पाणी जड. साबणाची वडी फेसाळत नाही, तिचा चिकट थर धाग्यांत बसतो आणि दोन महिन्यांत कपडा करडा आणि ताठ होतो. त्यापेक्षा डिटर्जंट वापरा, आणि शेवटच्या खळबळणीच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर टाका. कपडा उलटा करून गार पाण्यात धुवायचा, चेन लावून. सॉफ्टनर टाळा, त्याने हाताला मऊ लागतं पण पाणी टिपण्याची ताकद जाते. सायकलच्या चेनच्या काळ्या तेलाचा डाग पाण्यात बुडवण्याआधी, कोरड्यावरच, भांड्यांच्या लिक्विडने हलक्या बोटांनी चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. रॉकेलने डाग पसरतो आणि वास आठवडाभर सोबत राहतो.

वाळत घालताना दोरीवर लोंबकळवू नका, पाण्याच्या वजनाने विणीचा कपडा लांबतो. बाजेवर आडवा पसरा, सावलीत. आणि कुंपणावर तर नाहीच. बाभळीचा एक काटा फाशात अडकला की धागा हातभर बाहेर येतो. आलाच, तर कापायचा नाही. जाड सुईने आतल्या बाजूला ओढून घ्यायचा.

शेवटी कोपरं फाटली, रिब गेली की लोक त्याचं चेन पुसायचं फडकं करतात. फ्लीसचं करू नका, त्याचा पिंजा चेनच्या कड्यांत अडकून तेल शोषतो. लूपनिटचं चालेल, पण सपाट बाजूने पुसा.