एक्स-मेन माणसं नाहीत, कोर्टाची ऑर्डर आहे!

माहीत आहे का, एक्स-मेनमधला वुल्व्हरिन कायद्याने माणूसच नाही? अमेरिकेत तेव्हा बाहुल्यांवर कस्टम्स ड्यूटी होती 12 टक्के, इतर खेळण्यांवर 6.8. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती! मग मार्व्हलच्याच टॉय बिझ कंपनीने न्यूयॉर्कच्या ‘कोर्ट ऑफ इंटरनॅशनल ट्रेड’मध्ये ठासून सांगितलं, आमचे हीरो माणसं नव्हेतच. 2003 मध्ये कोर्टाने मान डोलावली. बिचारे म्युटंट! आयुष्यभर माणुसकीसाठी भांडले आणि मालकानेच पाच टक्क्यांसाठी हात वर केले.

बाह्या असलेलं ब्लँकेट, स्नगी, आठवतंय? सरकार म्हणालं, हा तर पाद्र्याचा झगा, म्हणजे कपडा! 2017 मध्ये कोर्टाचा निकाल: ब्लँकेटच. ड्यूटी 14.9 वरून थेट 8.5 टक्के. गुंडाळा केस!

आता पक्षी झाला पक्षकार. 1926 मध्ये शिल्पकार ब्रांकुशीचं ‘बर्ड इन स्पेस’ हे शिल्प न्यूयॉर्कला उतरलं. चकचकीत ब्राँझ, ना पंख, ना चोच. कलाकृतीला ड्यूटी माफ, पण कस्टम्सने ते चक्क स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलच्या सामानाच्या रकान्यात टाकलं आणि 40 टक्के लावले! जंगलात दिसला तर गोळी झाडाल का, असंही कोर्टात साक्षीदाराला विचारलं गेलं. (उत्तर: नाही.) 1928 मध्ये पक्षी सुटला.

तेव्हा या कोर्टाचं नाव होतं कस्टम्स कोर्ट. 1890 मध्ये जन्मलं तेव्हा तर कोर्टही नव्हतं, नुसतं अप्रेझर्सचं बोर्ड! माल कुठल्या रकान्यातला, एवढ्या वादाला तीन-तीन न्यायाधीश बसायचे; 1970 च्या सुधारणेने एकावर भागवलं. खरा मेकओव्हर 1980 चा. अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने नवं नाव तर मिळालंच, शिवाय मनाईहुकूम काढण्यासकट डिस्ट्रिक्ट कोर्टाचे सगळे अधिकार आले. दात फुटले म्हणा ना!

पक्ष्यानंतर पक्ष: नऊ न्यायाधीशांत एका पार्टीचे पाचाहून जास्त चालत नाहीत.

आणि ते दात? 28 मे 2025 ला थेट ट्रम्पच्या टॅरिफना लागले. दावेदारांत एक वाइन आयात करणारी छोटी कंपनी, आणि मोठा प्रश्न म्हणून न्यायाधीश पुन्हा तीन: रेगन, ओबामा आणि खुद्द ट्रम्प यांनी नेमलेला एकेक. निकाल एकमताने!

आपल्याकडे असे रकान्यांचे वाद सोडवण्याचं काम सेस्टॅट ट्रायब्युनलचं. कस्टम्सबरोबर एक्साइजही तिथेच. तिथून सुप्रीम कोर्टात गेलेला यक्षप्रश्न: खोबरेल तेलाची छोटी बाटली डोक्याची की पोटाची? 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मतं. डिसेंबर 2024 मध्ये ठरलं, खाद्यतेल! लेबलवर ‘हेअर ऑइल’ छापलं नसेल तर. चंपीवाल्यांनो, तुमचं कोर्टाने विचारलंच नाही.